गाडीखान्याचे शटर केव्हा बदलावे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत आपल्या पापडाच्या खोलीच्या शटरावरून बराच वाद झाला. निम्म्या जणी म्हणाल्या, लोखंड महाग होत चालले आहे, आत्ताच बदलून टाका. निम्म्या म्हणाल्या, भाव उतरतील, दिवाळीनंतर बघू. मी मध्येच बोलून गेले की, "आमच्या घरी हाच वाद अडीच वर्षे चालला होता." त्यावर अध्यक्षाबाईंनी लगेच फर्मावले की, पुढच्या सभेत उभे राहून सगळे सांगा. भाषणाची मला सवय नाही. म्हणून वहीत लिहून आणले आहे ते वाचते. हिशेब मात्र तोंडपाठ आहेत, कारण ते चुकलेले हिशेब आहेत, आणि चुकलेला हिशेब माणूस विसरत नाही.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. घराच्या खाली टेम्पो ठेवायची खोली आहे, तिला आम्ही अजून गाडीखाना म्हणतो. सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे बैलगाडी असे. तेव्हा दार लाकडी होते. सासूबाई सांगतात की, त्या दाराला दर उन्हाळ्यात जवसाच्या तेलाचा हात द्यावा लागे, आणि तेवढ्यावर ते पन्नास वर्षे टिकले. २००४ साली टेम्पो घेतला तेव्हा ते दार काढून लोखंडी शटर बसवले. दहा फूट रुंद, आठ फूट उंच. त्याच्या आतबाहेर हळदीची पोती आणि बेदाण्याच्या पेट्या वाहून आमचा संसार चालला आहे, म्हणून ते नुसते दार नव्हे.

पंधरा वर्षे शटराकडे कुणी पाहिलेही नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आम्ही मिरजेला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा गाडीखान्यात गळ्याइतके पाणी राहून गेल्याची रेघ भिंतीवर होती. सगळ्यांच्या घरचे तेच होते, म्हणून त्याचे रडगाणे गात नाही. पण एक चूक सांगते. आम्ही फरशी धुतली, भिंती धुतल्या, भांडी तीन वेळा घासली. शटर मात्र नुसते वर सारून ठेवले. दोन्ही बाजूंना ज्या पन्हळीत शटर वरखाली सरकते, ज्यांना कारागीर चॅनल म्हणतात, त्यांत गाळ तसाच राहिला. तो गाळ ओल धरून बसला. गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या घड्यांतही चिखल होता, तो वर पेटीत जाऊन बसला. पुराचे पाणी उतरल्यावर शटर पूर्ण खाली ओढून, आतून बाहेरून स्वच्छ पाण्याने धुऊन, दोन दिवस वाळवून मग गुंडाळायचे असते. हे आम्हाला नंतर कळले.

२०२० च्या जानेवारीत तळाच्या जाड पट्टीला, जिला कुलूप लागते तिला, बोटभर भोके पडली. कारागिराला बोलावले. त्याने माप घेतले आणि नव्या शटराचा भाव चौरस फुटाला २१० रुपये सांगितला. ८० चौरस फुटांचे १६,८०० आणि वर अठरा टक्के कर, मिळून १९,८२४ रुपये. पुराने नुकतेच घर धुऊन नेलेले, टेम्पोचे हप्ते थकलेले. यांनी म्हटले, "उन्हाळ्यानंतर बघू." ते त्या वेळी बरोबरच होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि टेम्पोच दाराआड उभा राहिला, तेव्हा दार नवे काय नि जुने काय!

खरी गोष्ट पुढेच आहे. टाळेबंदी उठली, धंदा थोडा सुरू झाला, आणि लोखंडाचे भाव चढू लागले. त्याच दिवाळीला कारागीर म्हणाला, "वहिनी, आता २३५." यांना वाटले, हे वाढलेले भाव आहेत, उतरतीलच. म्हणून तळाची पट्टी तेवढी बदलली, १,८०० रुपये गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेस शटर धुतले, पण चॅनल खालून कुजलेले होते आणि चार पट्ट्यांची घडी उकलली होती. त्या दुरुस्तीला २,६०० गेले. भाव २८० झाला होता. २०२२ च्या एप्रिलात तो ३१० झाला. दर वेळी भाव वाढलेला पाहून आम्ही थांबलो, आणि दर वेळी थांबल्यामुळे तो आणखी वाढलेला पाहिला.

त्या दोन वर्षांत लोखंडाला झाले काय, हे मी पेपरात वाचून आणि थोरल्याला विचारून समजून घेतले. कारखान्यातून निघणाऱ्या पत्र्याच्या गुंडाळीचा ठोक भाव २०२० च्या मध्याला टनाला चाळीस हजारांच्या खाली होता. तो २०२२ च्या एप्रिलात पंचाहत्तर हजारांच्या आसपास गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पोलाद करायला जो खास प्रकारचा दगडी कोळसा लागतो तो आपल्याकडे पुरेसा नाही, फार मोठा भाग बाहेरून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणावा लागतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर तो कोळसा कडाडला. मग मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांच्या निर्यातीवर पंधरा टक्के कर बसवला, जेणेकरून माल देशात राहावा आणि भाव उतरावेत. तो कर नोव्हेंबरात काढून टाकला. पण मे महिन्यातली ती बातमी दूरदर्शनवर ऐकताच आमच्या घरी आनंद झाला. हे म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना! आता आणखी दोन-तीन महिने थांबायचेच." आणि खरे सांगते, मलाही ते पटले. म्हणून पुढे जे झाले त्याचा दोष मी यांच्या एकट्याच्या माथी मारणार नाही.

शटर उचलताना वरच्या पेटीत खट् असा आवाज जूनपासून येत होता. अर्ध्यावर नेऊन सोडले की पूर्वी ते तिथेच थांबे. आता ते आपोआप खाली घसरू लागले. उजवी बाजू मागे राहून डावी पुढे जाई. मी ते रोज पाहत होते. सासूबाईंनी एकदा विचारलेही, "अगं, हे दार असे कण्हते का?" मी म्हटले, "जुने झाले." एवढेच.

जुलैत एका सकाळी आमची धाकटी शिकवणीला निघाली. तेव्हा ती आठवीत होती. तिने शटर डोक्याच्या वर लोटले, सायकल बाहेर काढली. ती स्वतः उंबऱ्याबाहेर, सायकलचे पुढचे चाक बाहेर, मागचे अजून आत. मी स्वयंपाकघरात होते. वरून पातेले फुटल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ अख्खे शटर खाली आले. ते सायकलच्या कॅरियरवर आदळले आणि तिथेच अडकले. कॅरियर पापडासारखे सपाट झाले. मुलगी झटक्याने पुढे फेकली गेली आणि तिचे कोपर सोलून निघाले. एवढ्यावर निभावले. मी धावत गेले तर ती म्हणते, "आई, माझी सायकल गेली." तिला सायकलचे रडू येत होते, आणि मी त्या कॅरियरकडे पाहत उभी होते. एक पाऊल मागे असती तर काय झाले असते ते मी आजवर तिच्यापुढे बोलले नाही. आज ती इथे नाही म्हणून सांगितले.

झाले असे होते की, स्प्रिंग तुटली होती. ही गोष्ट बहुतेक बायकांना माहीत नसते, मलाही नव्हती, म्हणून नीट सांगते. शटर आपण हातांनी उचलतो असे वाटते, पण खरे उचलतात त्या वरच्या पाईपवर बसवलेल्या स्प्रिंगा. शटर खाली येताना त्या पिळल्या जातात, आणि वर नेताना तो पीळ सुटून वजन तोलून धरतो. म्हणून आपल्याला ते हलके लागते. आमच्या शटराला तीन स्प्रिंगा होत्या. त्यांतली एक आधीच गेली होती, बहुधा तोच जूनमधला खट् आवाज. दुसरी त्या सकाळी तुटली. एकटीला ते ओझे पेलवेना. पाईपवरच्या स्प्रिंगला कधी स्वतः हात लावू नका, घरातल्या पुरुषांनाही लावू देऊ नका. ती पिळलेली असते, सुटली तर हात मोडते. ते काम कारागिराचेच.

टेम्पो आत अडकला होता, बाजारात माल पोचवायचा होता. दोन दिवसांचे भाडे बुडाले. घाईघाईने स्प्रिंगा बदलल्या, ३,२०० रुपये. कारागीर जाताना म्हणाला, "स्प्रिंगा नव्या आहेत, पण पट्ट्या त्यांच्यापुढे टिकणार नाहीत." त्या रात्री मी वही घेऊन बसले.

मी काय लिहिले ते सांगते. तीन दुरुस्त्यांचे १,८००, २,६०० आणि ३,२००, मिळून ७,६००. सप्टेंबरात आम्ही शेवटी नवे शटर घेतले तेव्हा भाव ३१० वरून २८५ पर्यंत उतरला होता. म्हणजे यांचे म्हणणे खोटे नव्हते, भाव उतरलाच. उतरून वाचले किती? ८० फुटांमागे पंचवीसप्रमाणे २,००० आणि त्यावरचा कर ३६०. आणि ते २,३६० वाचवण्याच्या पाच महिन्यांत ३,२०० च्या स्प्रिंगा घातल्या. त्या पुढे जुन्या शटराबरोबर भंगारात गेल्या. नव्या शटराचे करासकट २६,९०४ झाले. २०२० च्या भावाशी तुलना केली तर ७,०८० जास्त, आणि त्यात दुरुस्त्या मिळवल्या तर १४,६८०. बुडालेले भाडे आणि सायकल यांत धरलेली नाहीत.

आता आणखी एक हिशेब, तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. जुने शटर कारागीर "असेच घेऊन जातो" म्हणत होता. मी म्हटले, आधी वजन करायचे. पट्ट्या, चॅनल, पाईप सगळे मिळून ११८ किलो भरले. भंगाराचे किलोला ३० प्रमाणे ३,५४० रुपये हातात आले. पण त्याहून महत्त्वाचे, वजन कळले. लोखंड किलोला दहा रुपयांनी चढले तर एवढ्या मोठ्या शटरावर ११८ किलोंचे १,१८० वाढतात, कर धरून चौदाशेच्या आत. आपण "लोखंड भडकले, लोखंड भडकले" म्हणून घाबरतो, पण एका शटरात लोखंड असते किती हे कुणी मोजत नाही. दोन वर्षांत ठोक भाव किलोला सदतीस रुपयांनी वाढला असे धरले तरी माझ्या शटरावर ४,३६६ होतात. कारागिराचा भाव मात्र ८,००० नी वाढला होता. उरलेल्यात मजुरी आली, डिझेल आले, आणि थोडी आमची घाबरगुंडीही आली असेल. हे मी त्याला बोलून दाखवले. तो हसला आणि चॅनलचे वेगळे पैसे लावले नाहीत.

मात्र यावरून कुणी असे समजू नये की, दिसले शटर की बदला. आमच्या शेजारच्या वहिनींना एका दुकानदाराने अख्खे नवे शटर घ्यायला सांगितले होते. त्यांनी मला बोलावले. मी घरातले लाटणे घेऊन गेले आणि माठ घेताना वाजवून पाहतो तशी एकेक पट्टी वाजवली. सगळ्या खणखणीत. तळाची पट्टी शाबूत, चॅनल पायाशी घट्ट. फक्त अर्ध्यावर थांबत नव्हते. म्हणजे दुखणे स्प्रिंगचे होते. स्प्रिंगा बदलल्या, शटर आजही चालते आहे. पण जिथे पट्टी वाजवल्यावर भद्द आवाज येतो, रंगाखाली फुगवटा असतो, बोटाने दाबले की पापुद्रा निघतो, आणि असे दोन-चार ठिकाणी नव्हे तर खालपासून कमरेपर्यंत असते, तिथे दुरुस्तीचा पैसा म्हणजे कुजक्या कापडाला ठिगळ. सुई जिथे टोचावी तिथेच ते फाटते.

जाडीविषयीही सांगते, कारण भाव चढले की पहिली काटछाट तिथे होते. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि त्यात आकडा लहान तितका पत्रा जाड असा उलटा प्रकार आहे. १८ गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, २० म्हणजे सुमारे ०.९, २२ म्हणजे सुमारे ०.७. गेजचा आकडा दुकानागणिक थोडा सरकतो, म्हणून मिलिमीटरमध्ये लिहून मागावे. मी पहिल्या दुकानातून अर्धा फूट लांब, अर्धा फूट रुंद असा सपाट पत्र्याचा तुकडा कापून आणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एवढा तुकडा १८ गेजचा असेल तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, २० चा एकशे पासष्ट, २२ चा एकशे तीस. अठराचा म्हणून दिलेला माझा तुकडा एकशे सत्तर भरला. त्या दुकानाचा भाव सर्वांत कमी का होता ते कळले. शिवाय आपल्यासारख्या नदीकाठच्यांनी जस्ताचा मुलामा दिलेलाच पत्रा घ्यावा, आणि कापलेल्या व वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळते म्हणून तिथे रंग मारून घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत. भाव कागदावर घ्यावा आणि तो किती दिवस कायम राहील तेही लिहून घ्यावे. चॅनलला मी मेणबत्ती घासते. गोडेतेल घालू नका, धूळ चिकटून आणखी अडते.

आता आपल्या पापडाच्या खोलीविषयी. २०२५ च्या एप्रिलात परदेशातून येणाऱ्या सपाट पोलादावर सरकारने बारा टक्के तात्पुरता कर बसवला, तेव्हापासून "भाव वाढणार" हे आपण ऐकत आहोत. त्याच वर्षी सप्टेंबरात जी.एस.टी.चे दर बदलले तेव्हा काही जणी म्हणाल्या, शटरही स्वस्त होईल. सिमेंटचा कर २८ वरून १८ झाला हे खरे, परंतु लोखंडी शटराला आधीपासून १८ च होता, तो तसाच राहिला. तेव्हा कराच्या आशेने थांबण्यात अर्थ नाही, आणि भाव वाढण्याच्या भीतीने धावण्यातही फारसा नाही. आपले शटर आठ बाय सात, ५६ चौरस फुटांचे. त्यात लोखंड आमच्यापेक्षा पुष्कळ कमी.

मी शनिवारी सचिवबाईंबरोबर जाऊन लाटण्याने वाजवून पाहिले. खालच्या सात पट्ट्या भद्द वाजतात. डाव्या चॅनलचा पाया हाताने हलतो. अर्ध्यावर नेऊन सोडले तर ते वीतभर घसरून थांबते. म्हणजे स्प्रिंगा अजून आहेत, पण थकल्या आहेत. नुसत्या स्प्रिंगा बदलून भागणार नाही, आणि नुसत्या पट्ट्या बदलाव्यात तर चॅनल त्यांना धरणार नाही. माझे मत पावसाळ्यापूर्वी पुरे बदलावे असे आहे. खजिनदारबाईंचे म्हणणे मला ठाऊक आहे की, शिल्लक रक्कम सहलीसाठी आहे आणि ती पापड लाटून जमवली आहे. मीही त्यात दोन वर्षे लाटले आहेत. पण ते शटर रोज सकाळी उघडतात त्या आपल्या सत्तरीच्या मावशी, आणि सुटीच्या दिवशी त्यांचा नातू त्याच्याखालून पळत असतो. हे मी परवा उभी राहून पाहिले आणि मला ते सायकलचे कॅरियर आठवले. सहल एक वर्ष पुढे जाऊ शकेल की वर्गणी काढायची, ते सभेने ठरवावे. जुने शटर मात्र वजन करून द्यायचे, फुकट नाही.

दोन ठिकाणांहून भाव मी लेखी आणले आहेत, ते वहीच्या मागच्या पानात आहेत, चहाच्या वेळी सर्वांनी पाहावेत. पत्र्याचे तुकडेही पिशवीत आहेत आणि काटाही आणला आहे. तोपर्यंत एवढे करा की, ते शटर एकटीने कुणी उघडू नये. दोघींनी दोन्ही बाजूंनी उचलावे, पूर्ण वर न्यावे, आणि दोन्ही चॅनलजवळ खाली लाकडी ओंडका उभा लावावा. ओंडके मी आजच रिक्षातून आणून दाराशी ठेवले आहेत.